शंभर मीटर, कुठून?

टेपचं पितळी टोक कायतानच्या हातात,
डबी माझ्या.
तो विचारतो, मॅडम, शून्य कुठं धरू?

गोवा वेल्हा. सकाळचे दहा.
हमरस्त्यानं विमानतळाच्या टॅक्सी पळतात,
आणि इथं गवतात, गुडघ्याएवढी,
चिऱ्यांची एक ओळ नदीकडं निघते
आणि बोलता बोलता विसरल्यासारखी
मध्येच थांबते.
तट म्हणतात हिला.
माझ्या नकाशात ती तुटक रेघ,
सगळ्यात बारीक पेननं.
रस्ता जाड. नाला निळा.
अठ्ठावीस बंगले, पोहण्याच्या तळ्यासकट, रंगवलेले,
आणि ते तर अजून नाहीतच.

पाटी आहे. गंजून
‘क्षित स्मार’ एवढंच उरलेली.
तिच्यापासून शंभर मीटर बांधायचं नाही.
तिच्यापासून? की तटापासून?
कायद्यात तट आहे.
जागेवर सगळे पाटीपासून मोजतात,
पाटी दिसते म्हणून.

सोयरू वेळीप, चौकीदार,
काजूखाली बसून विडी पेटवतो,
माझ्याकडं न बघता सांगतो,
“बोर्ड चलूंक लागला, बाये.
चवथी आदीं तो त्या आंब्यामुळांत आशिल्लो.”

आंबा इथून बारा मीटर.
म्हणजे आंबा नाही,
बुंधा आहे, ताजा, चीक अजून ओला.
बारा मीटर माझ्या कागदावर सहा मिलिमीटर,
उकड्या तांदळाचा एक दाणा.
एका दाण्यात तीन बंगले बसतात.
मी हिशेब करून पाहिला.

तोंड वर करून बोलावं अशी
मीही नाही.
आगशीला आमच्या जोत्यात असेच नऊ चिरे आहेत,
लांबट, कडा हातानं तासलेल्या.
आजोबांनी गाडीतून आणले, भर दुपारी,
कुणी विचारलं नाही.
दोन तुळशीखाली.
नाक्यावरच्या खुरसाखालीही त्यातलेच,
कायतानच्या पणज्यानं डोक्यावरून नेलेले.
गाव तट खात राहिलं, थोडा थोडा,
भूक असेल तेवढाच.

ही भूक वेगळी आहे.

शाळेत शिकवलं होतं, गाळ साचला, बंदर गेलं.
मी मनात चित्र काढायचे:
आधी दलाल गेले असतील, मग सोनार,
मग देवळातलं तेल,
शेवटी कुत्री.
शहर उठलं आणि दुसरीकडं जाऊन बसलं.
आता ते परत आलंय,
ह्या वेळी पाण्याकडून नाही, डांबरावरून,
सिमेंटचं पिंप फिरवत,
आणि स्वतःच्याच उंबऱ्यावर उभं राहून विचारतंय,
ही जागा रिकामी आहे ना?

कंपनीचा मुलगा आलाय. नम्र आहे.
बिस्किटांचा पुडा आणलाय, माहितीपत्रक आणलंय,
त्यावर हेच चिरे, संध्याकाळच्या उजेडात,
‘इतिहासाच्या शेजारी राहा.’
फोटो सुंदर आहे. कुणीतरी गवत कापून काढलाय.
“मॅडम, लंचच्या आत होईल ना?”

कायतान अजून टोक धरून उभा.
मी म्हणते, पाटी सोड. तट संपतो तिथं धर.
तो गवतात शिरतो, सळई टोचतो.
ठक्.
एक पाऊल पुढं. ठक्.
माती मऊ आहे, आणि टीचभर खाली
दगड.
आंब्याचा बुंधा ओलांडला. ठक्.
पाटी ओलांडली. ठक्.
चुन्यानं आखलेल्या पहिल्या प्लॉटमध्ये,
दुसऱ्यामध्ये,
जिथं तळ्याची निळी काठी रोवलीय त्याच्याही पलीकडं
तो चालत जातो,
खाली मान घालून, दर पावलाला थांबत,
कुणाचं तरी दार वाजवावं तसा.

टेप संपते.
“मॅडम,” तो लांबून ओरडतो,
“हांगाय लागता!”

सोयरूची विडी विझलीय.
कंपनीचा मुलगा
बिस्किटांच्या पुड्याचं तोंड दुमडून
पुडा परत पिशवीत ठेवतो.